बँकेच्या एजीएममध्ये समुद्राचा प्रश्न

समुद्रात तेलासाठी नव्या विहिरी खोदायला विरोध करायचा, तर मुंबईत बसून नेमकं जायचं कुठे? आमच्या गटाचे सुरुवातीचे कित्येक रविवार याच चर्चेत गेले. समुद्रावर जाऊन उपयोग नाही. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत आहे, नरिमन पॉइंटच्या कठड्यावरून तिथलं काही दिसत नाही. होडी काढून गेलात तरी प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा. जनसुनावणीत उभं राहून बोलावं, तर जानेवारी २०२० मध्ये केंद्राने अधिसूचना काढून तेल आणि वायूच्या शोधासाठीचं खोदकाम पर्यावरण परवानगीच्या ‘अ’ वर्गातून उचलून ‘ब-२’ मध्ये टाकलं. म्हणजे शोधाच्या टप्प्यावर पर्यावरणाचा सविस्तर आघात-अहवाल नाही आणि सुनावणीही नाही. प्रत्यक्ष उत्पादनाची परवानगी ‘अ’ वर्गात राहिली खरी, पण तोवर कंपनीचे कोट्यवधी रुपये अक्षरशः पाण्यात गेलेले असतात. मग मागे कोण फिरतं?

कोर्ट आहे. ऑगस्ट २०११ मध्ये ‘रॅक कॅरिअर’ हे जहाज साठ हजार टनांच्या आसपास कोळसा घेऊन मुंबईसमोर बुडालं आणि त्याच्या टाक्यांतलं तेल समुद्रात पसरलं. मुंबईतल्या एका नागरिकाने हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०१६ मध्ये लवादाने जहाजवाल्यांना १०० कोटी रुपये भरायला सांगितले. निकाल चांगलाच होता. पण तो आला पाच वर्षांनी, आणि जहाज बुडाल्यावर. आम्हाला काहीतरी बुडायच्या आधी करायचं होतं.

राहता राहिला पैसा. विहीर समुद्रात असली तरी तिचं कर्ज फोर्ट, नरिमन पॉइंट नाहीतर बीकेसीत मंजूर होतं. तिथे लोकलने जाता येतं, आणि बँकेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, म्हणजे एजीएममध्ये, भागधारक म्हणून प्रश्न विचारता येतो.

या गटात मी वयाने सगळ्यांत मोठी. बाकीची पोरं पंचविशी-तिशीतली, कोणी आर्किटेक्ट, कोणी कॉलेजात शिकवणारं. मला त्यात ओढलं आमच्या मजल्यावरच्या मुलीने. एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही बँकेत होतात ना? हे एवढं वाचून द्या, आम्हाला काही कळत नाहीये.” एका खासगी बँकेचा ताळेबंद आणि सोबतची परिशिष्टं होती. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. सुरुवात कॅश काउंटरवर, शेवटची वर्षं कर्ज विभागात. निवृत्तीनंतर कोणी ताळेबंद वाचायला सांगेल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे खरं सांगायचं तर मला आनंदच झाला.

कॅशमध्ये असताना एक रुपयाच्या नोटांची बंडलं मोजलेली मला अजून आठवतात. त्या नोटेच्या मागच्या बाजूला समुद्रातला एक सांगाडा छापलेला असायचा. तो ‘सागर सम्राट’. १९७४ मध्ये खोदकामाच्या याच रिगने मुंबई हायचं तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. त्या काळात तेलाचे भाव आकाशाला भिडले होते, आणि आपल्या समुद्रात तेल निघालं याचा आमच्या घरी पेढा वाटण्याइतका आनंद झाला होता. हे मी पोरांना पहिल्याच बैठकीत सांगितलं. तेल म्हणजे खलनायक, असं चित्र काढून मुंबईत फिरलात तर माझ्या वयाची माणसं ऐकणार नाहीत. ओएनजीसीत नोकरी लागली म्हणून ज्यांची घरं उभी राहिली, अशी कुटुंबं प्रत्येक सोसायटीत आहेत.

मग विरोध कशाला? जुन्या विहिरींना नाही, नव्यांना. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था काही झेंडे घेऊन फिरणाऱ्यांची संघटना नव्हे. १९७० च्या दशकात तेलाचा पुरवठा सुरळीत राहावा म्हणूनच ती स्थापन झाली. तिनेच मे २०२१ मध्ये लिहिलं की २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं असेल तर आधीच मंजूर झालेल्या क्षेत्रांपलीकडे नवीन तेल-वायू क्षेत्रं विकसित करायची गरज नाही. भारताने आपल्यासाठी २०७० साल जाहीर केलंय, ते ग्लासगोच्या परिषदेत. बँकर म्हणून मला एवढंच कळतं की आज खोदलेली विहीर वीस-पंचवीस वर्षं चालवायची असते, आणि तिचं कर्ज फिटायलाही बरीच वर्षं लागतात. त्या कर्जाचा हप्ता भरायचा म्हणून तेल काढत राहावं लागतं. एकदा सँक्शन झालं की बाकीच्या चर्चा उरत नाहीत.

पण ताळेबंदाआधी आम्ही कोळीवाड्यात गेलो. तो माझाच हट्ट होता. पश्चिम उपनगरातल्या एका मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात आम्ही बसलो. भिंतीवर एकवीरा आईचा फोटो, शेजारी बोटींच्या परवान्यांची यादी, आणि बाहेर वलांडीवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. सोसायटीचे अध्यक्ष स्वतः नाखवा, दोन बोटींचे मालक. पोरांनी हवामान बदल, कार्बन, दीड अंश वगैरे सगळं मांडलं. नाखवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बाय, तुमचा कार्बन ऱ्हाऊ द्या बाजूला. आमची बोट काय पाण्यावर चालते? डिझेलवरच चालते. डिझेलचा परतावा थकला की मोर्चा आम्हीच काढतो.”

पोरांचे चेहरे पडले. मला मात्र हा माणूस तिथेच आवडला.

त्यांचं दुखणं वेगळं होतं आणि ते त्यांनी सविस्तर सांगितलं. तेल शोधायच्या आधी समुद्राच्या तळाचा भूकंपीय सर्व्हे करतात. मोठं जहाज, त्याच्या मागे काही किलोमीटर लांबीच्या केबल, आणि दर काही सेकंदांनी पाण्यात दाबाखालच्या हवेचा धमाका. तळाखालच्या थरांवरून तो आवाज परत येतो, त्यावरून तेल कुठे असेल याचा नकाशा बनतो. केबल तुटू नयेत म्हणून पुढे-मागे पहारा देणाऱ्या बोटी असतात आणि त्या मच्छीमारांना जाळी उचलायला लावतात. आता हा सर्व्हे पावसाळ्यात होत नाही, कारण समुद्र खवळलेला असतो. आणि मासेमारीही पावसाळ्यात होत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदीच असते. म्हणजे दोघांनाही समुद्र लागतो तो पावसाळा सोडून उरलेल्या त्याच महिन्यांत. डोल जाळं तर खुंटाला बांधून भरती-ओहोटीच्या धारेत लावलेलं असतं, ते कोणी सांगितलं म्हणून पाच मिनिटांत उचलता येत नाही. “गेल्या खेपेला जाळं तुटलं त्याचे फोटो आहेत, अर्ज आहे, पोचही आहे,” नाखवा म्हणाले आणि प्लास्टिकच्या फाइलमधून पोच काढून दाखवली. शिक्का ठळक होता, पुढे काही झालेलं नव्हतं. कोणत्या कार्यालयाचा शिक्का ते लिहीत नाही. अशी पोच त्या फाइलमध्ये एकच नव्हती.

मग विषय डांबराच्या गोळ्यांवर गेला. दर पावसाळ्यात वाऱ्याची दिशा फिरली की जुहू, वर्सोवा, दादर, सगळीकडे काळे चिकट गोळे वाळूवर येऊन पडतात. समुद्रात सांडलेल्या तेलातला हलका भाग उडून जातो आणि जड भागाचे असे गोळे होतात. हाताला लागले तर साबणाने निघत नाहीत. खोबरेल तेल चोळायचं, मग जुन्या फडक्याने पुसायचं, मग पुन्हा तेल. नखांच्या कडेला तरी काळी रेघ दोन दिवस राहतेच. हे तेल नेमकं कोणाचं, याचं उत्तर सोपं नाही. टाक्या धुऊन पाणी सोडणारी जहाजं आहेत, तेलक्षेत्रं आहेत, जुने अपघात आहेत. प्रयोगशाळेत रासायनिक ठशांवरून तेलाचं मूळ शोधता येतं. गोळे मात्र उचलतात महापालिकेचे कामगार, आणि मासळी विकली जात नाही तो तोटा कोळणींचा. ७ ऑगस्ट २०१० ला ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया’ या जहाजांची मुंबई बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली आणि शेकडो टन तेल सांडलं. नाखवांच्या घरच्या बायकांना ते दिवस लख्ख आठवतात, कारण गिऱ्हाईक पाटीजवळ यायचं, वास घ्यायचं आणि निघून जायचं.

त्या दिवशी ठरलं की बँकेला विचारायच्या प्रश्नात जाळ्यांची गोष्ट असणार. पोरांना ते जरा छोटं वाटलं. मला नाही वाटलं. कर्ज देताना बँक जोखीम तपासते, आणि ज्याच्या जाळ्यावरून तुमची केबल जाते तो माणूस ही जोखीम आहे. बँकेच्या भाषेत बोलायचं तर असंच बोलावं लागतं.

आता ताळेबंदाकडे येते. ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी हा भाग नीट वाचा. बँकेचा वार्षिक अहवाल चारशे-पाचशे पानांचा असतो आणि त्यात ‘आम्ही तेलाला किती कर्ज दिलं’ असं सरळ कुठेही लिहिलेलं नसतं. पुढच्या गुळगुळीत पानांवर झाडं लावणाऱ्या कर्मचाऱ्यांचे फोटो असतात, ती पानं उलटायची. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून वरच्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल, म्हणजे बीआरएसआर, सक्तीचा केला आहे. तो वाचायचा, पण फार आशा न ठेवता. आम्ही निवडलेल्या बँकेच्या अहवालात शाखांमध्ये एलईडी दिवे लावून किती वीज वाचली याचा तपशील दशांश चिन्हापर्यंत होता. बँकेच्या दिव्यांनी हवेत किती धूर सोडला हे कळलं. बँकेच्या कर्जांनी किती, हे नाही. तो भाग ‘स्कोप तीन’मध्ये, म्हणजे इतरांमार्फत होणाऱ्या अप्रत्यक्ष उत्सर्जनात येतो आणि स्कोप तीन ऐच्छिक आहे.

खरी माहिती असते बासेल या बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांखाली बँकेला वेबसाइटवर टाकाव्या लागणाऱ्या ‘पिलर थ्री’ नावाच्या तक्त्यांत. तिथे उद्योगवार कर्जं दिसतात. एक ओळ ‘खाणकाम व उत्खनन (कोळशासह)’, एक ओळ ‘पेट्रोलियम, कोळसा उत्पादने व अणुइंधन’, आणि पायाभूत सुविधांखाली एक ओळ ‘वीज’. या शेवटच्या ओळीत कोळशावरचं वीजकेंद्र आणि राजस्थानातला सौर प्रकल्प एकत्र. समुद्रातली विहीर यातल्या कोणत्या ओळीत बसेल हे कर्ज घेणाऱ्यावर अवलंबून. मी कर्ज विभागात असताना हे तक्ते भरलेले आहेत. रकाने पाडणाऱ्याने काही लपवायचं ठरवलेलं नसतं, पण न ठरवताही लपून जातं.

म्हणून आमचा पहिला प्रश्न अगदी कारकुनी ठरला: समुद्रातल्या तेल-वायू शोधाला आणि नव्या क्षेत्रांच्या विकासाला दिलेलं कर्ज स्वतंत्र ओळीत दाखवाल का?

मोठ्या देशांत भागधारक स्वतःचा ठरावच मांडतात. ऑस्ट्रेलियात शंभर भागधारक एकत्र आले तरी कंपनीला ठराव सभेपुढे न्यावा लागतो. आपल्याकडे कंपनी कायद्याने मतदानाच्या अधिकाराचा दहावा हिस्सा हाती असावा लागतो. एवढ्या मोठ्या बँकेचा दहावा हिस्सा म्हणजे काय, हे सांगायला नको. आपल्या हाती उरतो प्रश्न. त्यासाठी एक शेअर पुरतो.

एक शेअर घेणं आता सोपं आहे; डीमॅट खातं उघडलं की फोनवर काम होतं. आमच्यातल्या काहींनी घेतला, मी घेतला, आणि माझ्या नवऱ्यानेही घेतला. तो मुळात या सगळ्याच्या विरोधात. नोव्हेंबर २०२० मध्ये सिडनीला भारत-ऑस्ट्रेलिया पहिल्या एकदिवसीय सामन्यात दोन निदर्शक फलक घेऊन थेट खेळपट्टीकडे गेले होते. क्वीन्सलँडमधल्या अदानींच्या कोळसा खाणीला स्टेट बँकेने एक अब्ज डॉलरचं कर्ज देऊ नये, अशी त्यांची मागणी होती. त्या वेळी हा टीव्हीसमोर बसून त्यांच्यावर ओरडत होता. “मॅच कशाला थांबवता?” असं त्याचं म्हणणं. मला मात्र तेव्हा प्रथमच वाटलं होतं की कर्जाचा विषय एवढ्या लोकांपुढे नेण्याची ही अफलातून युक्ती आहे. आम्ही मॅच थांबवणार नाही म्हटल्यावर त्याने शेअर घेतला.

सभेची नोटीस किमान २१ दिवस आधी यावी लागते. ती ईमेलवर येते आणि बहुतेकांच्या स्पॅममध्ये जाते. तिच्यात एक कट-ऑफ तारीख असते. त्या दिवशी तुमचं नाव भागधारकांत असेल तरच मत देता येतं. बोलायचं असेल तर वक्ता म्हणून वेगळी नोंदणी, त्याची मुदत वेगळी, आणि ती मुदत नोटिशीच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत. डीमॅट खात्याचे डीपी आयडी आणि क्लायंट आयडी हे क्रमांक, पॅन आणि प्रश्न आधी लिहून पाठवायचा.

प्रश्नाच्या मसुद्यावरून आमच्यात खरं भांडण झालं. पोरांनी पहिला परिच्छेद मेक्सिकोच्या आखातावर लिहिला होता: २०१० चा डीपवॉटर होरायझन स्फोट, अकरा मृत्यू, ८७ दिवस वाहणारं तेल. सगळं खरं. पण मी म्हटलं, मुंबईच्या बँकेला मेक्सिको कशाला? २६ जुलै २००५ इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आम्ही रात्रभर ऑफिसात अडकलो. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायमध्ये काय झालं हे किती जणांना आठवतं? ‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर हलवायचं होतं, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर नव्हतं. जहाज प्लॅटफॉर्मला भिडलं, वायूच्या नळाला धडकलं आणि भडका उडाला. सुमारे दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. २२ जण गेले. शहर तेव्हा पाण्यात होतं. ही बातमी त्यातच वाहून गेली.

आणि मे २०२१. तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला, त्यावर २६१ माणसं होती. सत्तरहून अधिक कामगार मेले. तेलक्षेत्रातल्या कामावरची माणसं होती ती. अरबी समुद्र तापतोय, तशी तिथली वादळं वाढतायत आणि जास्त जोर धरतायत, असं हवामानशास्त्रज्ञ सांगत आलेत. या एका घटनेत तेल, हवा आणि माणसं सगळं आलं. मेक्सिको खोडला, पी-३०५ लिहिलं. आर्किटेक्ट मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

शेवटी तीन मुद्दे राहिले. कर्ज स्वतंत्र ओळीत दाखवा. अशा कर्जाची छाननी करताना मच्छीमारांचं नुकसान जोखमीत धरता का? आणि रिझर्व्ह बँकेने हवामानाच्या आर्थिक जोखमींबाबत फेब्रुवारी २०२४ मध्ये माहिती-प्रकटीकरणाचा मसुदा काढला आहे, त्याच्या तयारीत नव्या तेलक्षेत्रांसाठी काही मर्यादा ठरवली आहे का?

सभा ऑनलाइन. कोविडनंतर बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या सभा अशाच होतात. पूर्वी मरीन लाइन्सच्या सभागृहात एजीएम असायची तेव्हा नाश्त्याच्या डब्यासाठी येणारे भागधारक असायचे; ते लोक अजून आहेत, फक्त डबा गेला. माझ्या आधीच्या वक्त्यांपैकी एकाने अध्यक्षांवर केलेली हिंदी चारोळी म्हटली. एका बाईंनी कंपनी सेक्रेटरीच्या टीमचं पाच वेळा अभिनंदन केलं. एक गृहस्थ म्हणाले, साहेब, दिवाळीला काही भेट पाठवा, आणि कांदिवलीच्या शाखेत लिफ्ट बसवा. कोणी बोनस शेअर मागत होतं, कोणी पुढची सभा प्रत्यक्ष घ्या म्हणत होतं. अध्यक्ष सगळ्यांना हसून मान डोलावत होते. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले होते, मागे कुकर लावलेला. आमच्याकडे पाइप गॅस आहे. मुंबई हायचा वायू उरणला येतो, तिथून वडाळ्यामार्गे शहरभर. ज्या समुद्राबद्दल बोलायचं होतं त्याच्याच वायूवर वरण शिजत होतं, आणि या गॅसने मुंबईच्या रिक्षा-टॅक्सींचा धूर कमी केला हेही मला माहीत होतं. या विचाराने मी गप्प बसावं असं मात्र मला वाटलं नाही. जे चालू आहे ते उद्या बंद करा, असं मी म्हणतच नव्हते.

माझं नाव पुकारलं आणि माइक सुरू होईना. “मॅडम, प्लीज अनम्यूट,” असं मॉडरेटर म्हणत राहिला, इकडे मी बटण दाबत राहिले, आणि मिळालेल्या तीन मिनिटांपैकी जवळजवळ एक मिनिट गेलं. जोडणी झाली त्याच क्षणी कुकरची शिट्टी झाली. ती अध्यक्षांपर्यंत पोचली असावी, कारण ते पुन्हा हसले. मी अभिनंदन वगैरे सोडून सरळ तक्त्यावर आले. पान क्रमांक सांगितला, ओळ सांगितली, आकडा वाचला. मग पी-३०५ आणि जाळी. तिसरा मुद्दा अर्ध्यात असताना वेळ संपल्याची घंटी वाजली.

उत्तरं शेवटी एकत्र दिली जातात. लिफ्टचं उत्तर आलं: तपासून बघू. आमचं उत्तर साधारण असं, की बँक सर्व नियामक निकषांचं पालन करते, देशाच्या ऊर्जासुरक्षेला प्राधान्य आहे, भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो हे विसरता येणार नाही, आणि हरित कर्जं वाढत आहेत. आयातीचा मुद्दा खोटा नाही. पण मी ऊर्जासुरक्षेबद्दल विचारलंच नव्हतं, मी ओळ मागितली होती. स्वतंत्र ओळ दिल्याने देशाचं एक थेंबही तेल कमी होत नाही.

मत मी सभेआधीच ई-व्होटिंगने देऊन टाकलं होतं, जोखीम समितीवर असलेल्या एका संचालकाच्या फेरनियुक्तीच्या विरोधात. दोन दिवसांत निकाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर लागला, ठराव प्रचंड बहुमताने मंजूर. विरोधातही बरीच मतं होती, त्यातली बहुतेक म्युच्युअल फंडांसारख्या संस्थांची, वेगळ्याच कारणांनी पडलेली. त्यांत माझं एक. नवऱ्याने बाजूने मत दिलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

अर्धवट राहिलेला मुद्दा मी लेखी पाठवला. बऱ्याच आठवड्यांनी कंपनी सेक्रेटरीच्या कार्यालयातून ईमेल आला: ग्राहकांची माहिती गोपनीय असल्याने तपशील देता येत नाही, मात्र आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. मी उलट लिहिलं की ग्राहकाचं नाव नको, बेरीज हवी. बेरीज गोपनीय नसते. त्यावर एका मध्यम वयाच्या अधिकाऱ्याचा फोन आला. नीट बोलला. म्हणाला, मॅडम, हे विभाजन आमच्याकडे सिस्टिममध्ये नाहीच, कोडच तेवढे आहेत. मला त्याचं खरं वाटलं, कारण माझ्या वेळीही नव्हतं. कोणी विचारलंच नाही तर कोड कशाला बनेल? मी त्याला उपवर्गीकरण कसं करता येईल हे एका पानावर लिहून पाठवलं. आमच्या गटातल्या काहींना हे आवडलं नाही. बँकेचं काम आपण फुकट का करायचं, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे. पण तो कागद कोणाच्या तरी टेबलावर आहे, आणि टेबलावरच्या कागदाचं पुढे काय होऊ शकतं हे मला फलकापेक्षा जास्त कळतं.

दरम्यान जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की मुंबई हायचं घटलेलं उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीने ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक सेवेसाठी निवडलं. पोरांनी ती कोळीवाड्याच्या ग्रुपवर टाकली. नाखवांचा फोन मला आला. त्यांना एजीएमची सगळी हकिगत पुन्हा ऐकायची होती, विशेषतः लिफ्ट मागणाऱ्या गृहस्थांची. “म्हणजे कोणी पण बोलू शकतो?” त्यांनी विचारलं. म्हटलं, शेअर असेल तर कोणीही.

त्यांच्या नातवाने त्यांचं डीमॅट खातं उघडून दिलंय. यंदा ते बोलणार आहेत, आणि मसुदा आम्ही दोघे मिळून करतोय. मी लिहून दिलेला उत्सर्जनाचा परिच्छेद त्यांनी पेनाने खोडला आणि त्या जागी तुटलेल्या जाळ्याच्या पोचीचा क्रमांक घातला. तो परिच्छेद परत घ्यावा म्हणून मी अजून त्यांच्याशी वाद घालते आहे. त्यांचं म्हणणं, तीन मिनिटांत एक मिनिट माइकमध्ये जातं, हे तुम्हीच सांगितलंत. शेअर काल घेतलाय. आज संध्याकाळपर्यंत खात्यात दिसायला हवा, आणि कट-ऑफ तारीख शुक्रवारी आहे.